‘लिमिटेड एडिशन’ लिहिलं म्हणून सदोष बूट गळ्यात मारता येत नाही

प्रश्न : वकीलताई, मी ठाण्यात राहतो, वय २८, आयटीत नोकरी. शाळेपासून मला एका बास्केटबॉल बुटाचं वेड आहे. मूळ बूट १९८०च्या दशकातला, आता कंपनी त्याच्या ‘रेट्रो’ आवृत्त्या काढते. अ‍ॅपवरच्या ड्रॉमध्ये (सोडतीत) सात वेळा माझा नंबर लागला नाही. एकदा ऑर्डर पक्की झाल्याचा मेल आला, पैसेही कापले गेले, पण चार दिवसांनी ऑर्डर रद्द करून पैसे परत आले. शेवटी फेब्रुवारीत १८,९९५ रुपयांना जोड मिळाला. बहिणीच्या खात्यावरून आणखी एक घेतला, तो विकायचा विचार होता. जाहिरातीत ‘मूळ बुटासारखाच, अस्सल चामडं’ असं लिहिलं होतं. आलेला बूट बाजूने रेग्झिनसारखा आहे, शिलाईजवळ चिकटवणीचे डाग आहेत आणि चार वेळा घातल्यावर उजव्या पायाचा सोल पुढून सुटला. कंपनी म्हणते, ‘लिमिटेड एडिशन परत घेत नाही, बदलून देत नाही, जुनाट रूप हा डिझाइनचाच भाग आहे.’ हाच बूट रीसेलर, म्हणजे घेऊन चढ्या भावाने पुन्हा विकणारे, ४५ हजारांना विकतात. मला ग्राहक आयोगात जाता येईल का? शिवाय काकांनी २०१४मध्ये अमेरिकेतून आणलेल्या जोडाचा सोल डब्यातच भुगा झाला. त्याचं काही करता येईल का?

उत्तर : तुम्ही पाठवलेले मेल आणि फोटो पाहिले. कंपनीचं नाव छापत नाही, कारण दुसरी बाजू मी ऐकलेली नाही. पण तुमचा राग मला कळतो. ज्या वस्तूसाठी माणूस वर्षानुवर्षं थांबतो, ती चार वेळा वापरल्यावर तोंड उघडते, तेव्हा त्रास फक्त पैशाचा नसतो. कायदा मात्र तुमच्या तक्रारीचे तुकडे करून पाहतो. त्यातला एक तुकडा भक्कम आहे आणि बाकीचे त्याला कमजोर करतील. म्हणून ते आधी बाजूला काढू.

ड्रॉमध्ये नंबर न लागणं हा दावा होत नाही. अ‍ॅपवर बूट दाखवणं म्हणजे ‘या, मागणी नोंदवा’ असं बोलावणं. मागणी नोंदवणारे तुम्ही आणि ती स्वीकारायची की नाही हे विक्रेत्याच्या हातात. कंपनीने कमी जोड काढले, हाही गुन्हा नाही. ‘शेवटचे काही जोड’ असं खोटंच दाखवून घाई लावली असेल, तर केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये ते बसतं. पण ते खोटं होतं हे दाखवावं लागेल आणि तुमच्या कागदांत तसं काही नाही. हजारो जोड बॉट (आपोआप मागण्या नोंदवणारे संगणक प्रोग्राम) लावून उचलणाऱ्यांबद्दलही तुम्ही लिहिलंत. अमेरिकेत २०१६मध्ये बॉटविरुद्ध कायदा झाला, तोही कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता. बुटांना तो लागू होत नाही. तिथल्या चाहत्यांची हीच कुरकुर आहे.

रद्द झालेली ऑर्डर ही थोडी वेगळी गोष्ट. पक्की झाल्याचा मेल हाच करार होता, असं म्हणायला जागा आहे. पण अ‍ॅपच्या अटींमध्ये ‘माल रवाना झाल्यावरच करार पूर्ण’ असं कलम बहुतेक वेळा असतं, तुमच्याही अटींत ते आहे. पैसे चार दिवसांत परत आले. त्यावर वेगळी तक्रार करू नका, घटनाक्रमात एका वाक्यात उल्लेख पुरे.

आता मुद्द्याचं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ आपण दुकानाच्या पावतीवर लहानपणापासून वाचत आलो आहोत. तिचीच इंग्रजी, चकचकीत आवृत्ती म्हणजे तुम्हाला आलेला मेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(४७) नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत ठरवायची मोकळीक विक्रेत्याला आहे. पण ‘सदोष असला तरी कधीच परत घेणार नाही’ ही मुदत नव्हे, तो सरळ नकार आहे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत हे आणखी स्पष्ट केलं आहे. स्वतःचा माल स्वतःच्या अ‍ॅपवर विकणाऱ्याला सदोष माल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल, परत घ्यायला नकार देता येत नाही. त्या नियमांत बूट मर्यादित संख्येत काढला की हजारोंनी, असा भेद कुठेही नाही.

मग कंपनी ‘डिझाइन’ची ढाल पुढे करते. ती पूर्ण पोकळ नाही, म्हणून नीट समजून घ्या. रेट्रो बुटांत मुद्दाम जुनेपणा आणतात. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाचा एअर जॉर्डन १ हा बूट मूळचा १९८५चा, जॉर्डनचे पहिले रेट्रो १९९४मध्ये आले, तेव्हा ते फारसे खपलेही नाहीत. २०२२मध्ये त्याच मूळ बुटाची जी आवृत्ती आली, तिच्या कॉलरवरचं चामडं मुद्दाम तडकवलेलं होतं आणि डब्याचं झाकणही न जुळणारं दिलं होतं. असा बूट घेऊन कुणी ‘तडा गेलाय’ म्हणून तक्रार केली, तर ती टिकणार नाही, कारण तडा हाच विकलेला गुण आहे. तुमच्याही बुटाच्या पानावर ‘पिवळसर मिडसोल’ (सोलचा मधला मऊ थर) असं लिहिलेलं मला दिसलं, म्हणून त्या पिवळेपणाबद्दल तक्रारीत एक अक्षरही लिहू नका. पण चार वेळा घालून सोल सुटणं कुठल्याही पानावर ‘जुनाट रूप’ म्हणून लिहिलेलं नाही. चालायच्या वस्तूने चालताना पायाखाली टिकावं एवढी अपेक्षा कायदा नक्कीच मान्य करतो.

चामड्याचा मुद्दा दुसरा. ‘रेट्रो’ या शब्दात ‘हुबेहूब मूळसारखा’ असं वचन आपोआप येत नाही. चाहते ते गृहीत धरतात आणि तिथेच बहुतेकांचा घात होतो. टाचेवरचा लोगो वेगळा, आकार थोडा फुगीर, रंगाची छटा दुसरी, हे सगळं जाणकाराच्या डोळ्याला खुपतं, पण न्यायासनापुढे ती निव्वळ नाराजी ठरते. तुमचं वेगळं आहे, कारण इथे कंपनीने ‘अस्सल चामडं’ हे शब्द लिहिले आहेत. मालाच्या घटकांबद्दल खोटं विधान करणं हेही कलम २(४७) मध्ये येतं. ते पान आता बदललेलं असू शकतं, पण तुमच्याकडे खरेदीच्या दिवशीचा स्क्रीनशॉट आहे, तो सोन्यासारखा जपा. त्याच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत न्यायालयाइतका काटेकोर नसतो, तरी समोरच्याला आक्षेपाची फट कशाला ठेवायची?

आता जे मला सगळ्यात जास्त खटकलं ते. १७ मार्चच्या मेलमध्ये तुम्ही कंपनीला लिहिलंत, ‘हाच जोड मी ४५ हजारांना विकला असता, माझं तेवढं नुकसान झालं.’ हे वाक्य समोरचा वकील पहिल्याच तारखेला मोठ्याने वाचेल. कलम २(७) प्रमाणे पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने माल घेणारा ‘ग्राहक’ नसतो. तो ग्राहक नसला, तर आयोगाचं दारच बंद. व्यवहारामागचा प्रमुख हेतू काय होता हे पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये मुंबईच्याच लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलं आहे. तिथे ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी सदनिका घेतल्या होत्या, आणि त्यांना ग्राहक मानलं गेलं. तुमच्या बाबतीत ज्याचा सोल सुटला तो जोड तुमच्या नावावर, तुमच्या मापाचा, तुम्ही घातलेला आहे. ग्राहक म्हणून उभं राहायला एवढं पुरेसं आहे. म्हणून दावा त्या एकाच जोडाचा करा, भरलेल्या किमतीचा करा आणि ४५ हजारांचा आकडा विसरा.

बहिणीच्या खात्यावरचा जोड या तक्रारीत आणू नका. पण कुणी विचारलं, तर लपवूही नका. अ‍ॅपची ‘एका व्यक्तीला एकच’ ही अट तुम्ही वाकवलीत आणि तो विकायचा विचार होता, हे खरंच आहे. रीसेलरबद्दल तुमची चीड समजते, पण दुसऱ्या जोडाबाबत तुम्ही त्याच वाटेवर होता, हे मी मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते.

रीसेलर एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात का, हा तुमच्या मेलमधला प्रश्न. २०११च्या आवेष्टित वस्तू नियमांतल्या नियम १८(२) नुसार, डब्यावर किमतीचं लेबल असलेला बंद माल किरकोळ विक्रेत्याला किंवा ‘इतर कोणत्याही व्यक्तीला’ त्याहून जास्त दराने विकता येत नाही. दुकान थाटून सीलबंद डबे विकणाऱ्याविरुद्ध राज्याच्या वैध मापन शास्त्र (वजन-मापं तपासणाऱ्या) यंत्रणेकडे तक्रार करता येते. परदेशातून आणलेल्या, लेबल नसलेल्या डब्याला मात्र हे लावणं अवघड. आगाऊ पैसे तर रीसेलरला कधीच देऊ नका. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या एका विक्रेत्याने जॉर्डन ११च्या ६ लाखांहून जास्त जोडांची आगाऊ नोंदणी घेतली होती. प्रत्यक्षात त्याला मिळण्यासारखे होते ६ हजारांच्या आसपास. २०२२मध्ये त्याच्यावर फसवणुकीचे आरोप ठेवले गेले.

काकांच्या जोडाबद्दल वाईट बातमी आहे. तशा बुटांचा मिडसोल पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा त्याचे बंध हळूहळू तोडतो आणि काही वर्षांनी बूट न घालताही तो चुरा होतो. आपल्या ठाणे-मुंबईच्या दमट हवेत तर होतोच. हा त्या पदार्थाचा स्वभाव आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आणि खरेदीही परदेशातली. तो जोड आठवण म्हणून ठेवा.

आता कामाला लागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. नियमाप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं. तुम्ही आजवर फक्त ग्राहक सेवेच्या चॅटवर बोलत आलात, ते यात धरलं जात नाही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अनेक कंपन्या याच टप्प्यावर पैसे परत करतात. महिना उलटला तर रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस आणि मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, कलम ३४ मुळे तुम्ही राहता तिथेच दाद मागता येते. अ‍ॅपच्या अटींत दुसऱ्या शहराचं न्यायालय लिहिलं आहे म्हणून घाबरू नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकीलही सक्तीचा नाही. एक जपा : तक्रारीत ‘अनुचित करार’ हे शब्द वापरू नका. त्या प्रकारच्या तक्रारी जिल्हा आयोगापुढे चालत नाहीत, त्या राज्य आयोगाकडे जातात. ‘सदोष माल’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढ्यावरच थांबा. मागणी भरलेली किंमत, त्यावर व्याज, मनस्तापाची माफक भरपाई आणि खर्च.

निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला.

आणि सुटलेला सोल कुणाकडूनही चिकटवून घेऊ नका. घरी फेविक्विकही लावू नका. आयोगाने प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं, तर बूट आज आहे तसाच लागेल. बुटाच्या जिभेच्या आतल्या पट्टीवर निर्मितीची तारीख असेल, तिचा आणि डब्यावरच्या आयातीच्या महिन्याचा फोटो काढा. बूट खरेदीआधी गोदामात किती पडून होता ते त्यावरून कळेल. पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा तो जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. त्याच्याच डब्यात, कागदात गुंडाळून, भिंतीपासून दूर कोरड्या कपाटात ठेवा.