‘एकच’ सिगारेट, ‘थोडंसं’ मीठ आणि दाराबाहेरची हवा : वाचकांचे प्रश्न

हृदयविकार आणि पक्षाघात मिळून जगात सर्वाधिक माणसं दगावतात. त्यामागच्या सवयी आणि आजूबाजूची परिस्थिती यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : रोज वीस सिगारेटी ओढायचो, आता दोनवर आलो आहे. म्हणजे धोका नव्वद टक्के उतरला ना? डॉक्टर मात्र अजून समाधानी नाहीत.

विसावरून दोनवर येणं सोपं नाही, ते तुम्ही करून दाखवलंत. पण हृदयाचं गणित असं सरळ भागाकाराचं नसतं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं, की दिवसाला वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा तो दिवसाला एकच ओढणाऱ्याचाही वाढतो. कारण रक्तातल्या बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) चिकट होणं आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडणं, या दोन्ही गोष्टींना थोडा धूरही पुरतो. पुढच्या अठरा सिगारेटी त्यात भर घालतात, पण पहिल्या दोनइतकी नाही. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या, स्वतः कधीच न ओढणाऱ्या माणसालाही हृदयविकाराचा धोका पाव हिश्शाने किंवा त्याहून थोडा जास्त वाढतो, तो याचमुळे.

म्हणून उरलेल्या दोनच खऱ्या महत्त्वाच्या आहेत. पूर्ण सोडल्यानंतर साधारण वर्षभरात वाढीव धोका निम्म्यावर येतो. येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा. निकोटिनचा च्युइंगगम घेणार असाल तर तो खाण्याची रीत नीट समजून घ्या, कारण ‘काहीच उपयोग झाला नाही’ म्हणणारे बरेच जण तो साध्या च्युइंगगमसारखा चघळत बसतात. तसं केल्याने निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मग उचक्या आणि मळमळ सुरू होते, तलफ मात्र तशीच राहते. जिभेवर झणझणेपर्यंत हळूहळू चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झणझण गेली की पुन्हा थोडा चावा. असं अर्धा तास चालू द्या. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, फळांचा रस, सोडा काही नको. आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. आणि सिगारेट सोडून तंबाखू चघळायला लागू नका, तोही हृदयाच्या मुळावरच येतो.

प्रश्न : घरच्या यंत्रावर बीपी कधी १२८ येतं, कधी १५२. यातलं खरं कोणतं?

बहुतेक वेळा एकटं कुठलंच नाही. बीपी दिवसभर वर-खाली होतंच, पण एवढा फरक अनेकदा मोजण्यातल्या चुकांचा असतो. आधी मोजायची पद्धत पक्की करा.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळा. लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नकोत. पाच मिनिटं गप्प बसा. खरंच गप्प, कारण बोलतानाही बीपी चढतं. दंड टेबलावर अशा उंचीवर टेकवा, की पट्टा छातीच्या मध्याशी येईल. हात खाली लोंबत असेल तर दर दहा सेंटीमीटरमागे सुमारे ८ अंक उगाच जास्त येतात. पट्टा बाहीवरून नको, उघड्या दंडावर बांधा. आणि दंड जाड असून पट्टा लहान असेल तर आकडा कायम वरचा दाखवणार. ही चूक फार दिसते. पट्ट्यावर घेराचे सेंटीमीटर छापलेले असतात, टेपने दंड मोजून ताडून पाहा.

आता सात दिवस सकाळी गोळीपूर्वी आणि नाश्त्यापूर्वी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. संध्याकाळी पुन्हा तसंच. सगळे आकडे लिहा, आवडलेले तेवढेच नव्हे. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना वही दाखवा. नाडी अनियमित असेल तर मात्र घरच्या यंत्रावर विसंबू नका.

एवढी काटेकोर मोजणी कशासाठी? चाळीस ते सत्तर वयाच्या माणसांत ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला, की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. दुखत काहीच नाही, म्हणून हे कळत नाही. आणि गोळीने आकडा खाली आला की गोळी बंद करणाऱ्यांना कळकळीने सांगणं : तो आकडा गोळीमुळेच खाली आहे.

प्रश्न : मी वरून मीठ घेत नाही. तरी जास्त होत असेल का?

होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी, आणि त्यात तयार पदार्थांतलं मीठही धरायचं. पाकिटावर बहुधा ‘सोडिअम’ लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडिअम म्हणजे २ ग्रॅम मीठ. चव फारशी खारट नसलेल्या पावात आणि बिस्किटांतही ते असतं. रंगीत, खडे असलेलं, महागडं मीठही बव्हंशी तेच सोडिअम क्लोराइड.

पोटॅशिअम मिसळलेलं मीठ उपयोगी पडतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. पूर्वी पक्षाघात झालेल्या किंवा साठीपुढच्या, बीपी वाढलेल्या लोकांना तीन भाग नेहमीचं मीठ आणि एक भाग पोटॅशिअम क्लोराइड असं मिश्रण दिलं होतं. त्यांच्यात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा बीपीच्या गोळ्यांपैकी पोटॅशिअम वाढवणारी एखादी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका. रक्तात पोटॅशिअम साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

प्रश्न : व्यसन नाही, वजन बेताचं, रोज मोठ्या रस्त्याच्या कडेने पळतो. हवेचं प्रदूषण हा फुफ्फुसाचा प्रश्न आहे ना? हृदयाचा काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे, आणि तो सर्वांत कमी ओळखला जातो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. डोक्याच्या केसाची जाडी याच्या वीस-तीस पट असते. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतात आणि तिथे दाह सुरू करतात. दाहाची रसायनं रक्तात उतरली, की रक्त गोठण्याकडे झुकतं आणि रक्तवाहिन्या आवळतात. वर्षानुवर्षं हेच चाललं तर वाहिन्यांत चरबीचे थर लवकर साचतात. हवा अचानक बिघडली तर त्याच दोन-चार दिवसांत अटॅकही वाढतात. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं साचलं होतं आणि हजारो माणसं दगावली. ती सगळीच श्वसनाच्या आजाराने गेली नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मर्यादा आणखी खाली आणली : वर्षाची सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, चोवीस तासांची १५.

पळणं थांबवू नका, जागा बदला. पळताना तुम्ही बसल्या वेळेपेक्षा कितीतरी पट हवा आत ओढता, तेही तोंडाने. वाहनांचा धूर रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर गेलं तरी बराच विरतो, म्हणून आतली गल्ली किंवा बाग निवडा. हवा फार वाईट असलेल्या दिवशी घरात व्यायाम करा. कापडी मास्क या कणांना पुरत नाही. एन ९५ लागतो, तोही कडेने हवा न शिरणारा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. घरात लाकूड किंवा कोळसा जळत असेल तर आधी ते बदला, कारण तिथला धूर बाहेरच्यापेक्षा कितीतरी दाट असतो. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं तर हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) गाळणीचं, खोलीच्या आकाराला पुरेल एवढ्या क्षमतेचं घ्या. ओझोन सोडणारं मुळीच नको.

याच यादीत शिसंही येतं : जुने रंग, जुने नळ, बॅटऱ्या वितळवण्याची कामं. ते हाडांत वर्षानुवर्षं साठतं आणि बीपी वाढवतं. आणि रात्रीची रहदारी : झोप मोडली नाही असं वाटलं तरी आवाजाने शरीरातली ताणाची संप्रेरकं वाढतात. शक्य असेल तर झोपायची खोली रस्त्याकडची नको.

प्रश्न : रोज थोडी वाइन हृदयाला चांगली म्हणतात. सुरू करू का?

नको. जुन्या अभ्यासांत ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही धरले गेले, त्यामुळे थोडी पिणारे निरोगी दिसले. हृदयासाठी दारू सुरू करावी असं काही नाही. बीपी आणि ठोक्यांची अनियमितता मात्र तिने वाढते.

प्रश्न : वडिलांना ४८ व्या वर्षी अटॅक आला. रक्तातच असेल तर पथ्य करून काय उपयोग?

उपयोग इतरांपेक्षा तुम्हालाच जास्त आहे. धोके बव्हंशी बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतात. वारशाने आलेला धोका दुप्पट असेल आणि त्यावर सिगारेट आणखी दुप्पट करत असेल, तर एक गुणक तुम्ही पुसू शकता. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या अटॅकच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींशी जोडलेला दिसला : धूम्रपान, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारूचं प्रमाण. आणि घराण्यातून फक्त रक्त येत नाही. जेवणातलं मीठ आणि घरातला धूरही येतो.

वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर तपासण्या लवकर सुरू करा : बीपी, एलडीएल (वाहिन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखेच चरबीचे कण). हे शेवटचं जवळपास पूर्ण वारशाने ठरतं आणि नेहमीच्या तपासणीत येत नाही, म्हणून मागून घ्यावं लागतं. एलडीएल १९० च्या वर आलं तर भावंडांचं आणि मुलांचंही तपासा. जाताना एका कागदावर घरातल्या कोणाला, कितव्या वर्षी, अटॅक की पक्षाघात, आणि ते तंबाखू घेत होते का, एवढं लिहून न्या.