गच्चीतून गळती झाल्याने भाडेकरू नुकसानभरपाई मागत आहे. घरमालकाने काय करावे?

आपल्या पुण्यातील फ्लॅटमध्ये जुलैत गच्चीतून पाणी उतरले, भाडेकरूचे कपाट व गादी खराब झाली, आणि तो ४० हजार रुपये व दोन महिन्यांची भाडेमाफी मागत आहे, असे आपण लिहिले आहे. आकड्यावर घासाघीस करण्यापूर्वी एक तारीख शोधून काढावी : गळतीची पहिली सूचना त्याने आपल्याला कधी दिली. माझ्या अनुभवात सारा वाद त्या तारखेपाशी येऊन थांबतो.

माझ्या भाडेकरूंनी छताला धरलेल्या ओलीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तेव्हा मी ‘बघतो’ एवढेच उत्तर दिले आणि गच्ची सोसायटीची असल्याने सोसायटीच बघेल, असे धरून तीन आठवडे काढले. दुरुस्तीनंतर गेलो तेव्हा कपाटाची प्लायची पाठ फुगून बिजागऱ्या सुटल्या होत्या आणि पंख्याभोवतीचे प्लास्टर पोपड्यांनी भरले होते. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) सोसायटीकडेच असते, हे खरे. पण सोसायटीचे सभासद आपण आहोत, भाडेकरू नव्हे, त्यामुळे लेखी तक्रार देऊन तिची पोच घेणे हे आपले काम होते आणि ते मी केले नव्हते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्यायोग्य ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आपला करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे केवळ वापराची परवानगी देणारा, असेल तर त्यातील दुरुस्तीचे कलम आधी वाचावे, कारण लायसन्सधारक हा काटेकोर अर्थाने भाडेकरू ठरत नाही. भरपाईचे मोजमाप भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ मध्ये आहे : करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेले नुकसान मिळते, दूरान्वयाचे मिळत नाही, आणि ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते तेही पाहिले जाते. ओल दिसल्यावरही गादी त्याच कोपऱ्यात राहिली असेल, तर हे शांतपणे विचारायला हरकत नाही.

यावरून मी माझ्या भाडेकरूंच्या मागणीचे दोन भाग केले : भाडेमाफी आणि सामानाची भरपाई. दोनपैकी एक बेडरूम २४ दिवस बंद होती. १८,००० रुपये भाड्याप्रमाणे दिवसाचे ६०० होतात, त्यातील एक तृतीयांश सोडायचे ठरून ४,८०० रुपये झाले. सात वर्षे वापरलेल्या कपाटाची नव्या कपाटाएवढी किंमत मागितली होती, ती मी नाकारली आणि सुताराच्या बिलाप्रमाणे ३,५०० रुपये दिले. दोन महिन्यांची सरसकट माफी त्यांनीच पुढे सोडून दिली, कारण हिशेब कागदावर समोर होता.

चिडून पाणी किंवा वीज तोडण्याचा विचारही करू नये. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने त्यास मनाई आहे. रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करावी, अनामत रकमेला हात लावू नये, नाहीतर घर सोडताना तोच वाद नव्याने उभा राहतो. ‘जुलैमधील गळतीबाबत पूर्ण व अंतिम हिशेब’ असे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्या कागदासोबत सोसायटीला दिलेल्या पत्राची प्रतही भाडेकरूला द्यावी.