खिन्न अल्बम, उदास गाणी आणि हुरहुर

प्रश्न असा आला आहे: "पू शू या चिनी गायक-गीतकाराच्या अल्बमची ओळख करून देणारा लेख लिहितेय. इंग्रजीत त्याच्या गाण्यांना सगळे 'मेलँकलिक' म्हणतात. मी 'खिन्न अल्बम' असं लिहिलं, तर संपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढली. 'विषण्ण' चालेल का? आणि अल्बमचं नाव मराठीत 'मृग नक्षत्र' असं द्यावं का?"

लाल रेघ बरोबर आहे. खिन्न होतं ते माणूस, त्याचं मन, त्याचा चेहरा, फार तर त्याचं हसू. 'खिद्' धातूपासून 'खेद' आणि 'खिन्न' हे दोन्ही आले. ज्याला खेद झाला तो खिन्न. 'विषण्ण'ची गोष्टही तीच. वि + सद्, म्हणजे खाली बसणं, खचणं. 'विषाद' हा त्याचाच सख्खा भाऊ. दोन्ही शब्दांना खचलेलं कुणीतरी लागतं. अल्बम खचत नाही. खपत नाही, असं होऊ शकतं. शिवाय 'विषण्ण' हा शब्द आता शोकसभांनी आणि वर्तमानपत्रांनी इतका वापरलाय, की 'विषण्ण गाणी' म्हटलं की पाठोपाठ 'पोकळी निर्माण झाली' येणार अशी भीती वाटते.

'उदास'चं तसं नाही. संध्याकाळ उदास असते, रंग उदास असतो, घर उदास वाटतं, गाणं उदास असतं. माणसाला सोडून वस्तूला चिकटण्याची मोकळीक या शब्दाला आहे आणि ती त्याच्या जन्मातच असावी असं मला वाटतं. उद् + आस्. 'आस्' म्हणजे बसणं, 'आसन' त्यातलंच. जवळ जाऊन बसणं ती उपासना, आणि बाजूला सरकून बसणं ते उदास होणं. मुळात यात दुःख नाहीच, अलिप्तपणा आहे. तुकोबा म्हणतात, "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी". तिथे पैसे रडत-रडत खर्च करा असा अर्थ नाही. आसक्ती न ठेवता खर्च करा, असा आहे. 'उदासीन'मध्ये तो जुना अर्थ आजही टिकून आहे. 'उदास' मात्र दुःखाच्या बाजूला कलंडला.

'करुण' नको, त्यात रडू आहे. 'दर्दभरी' ही हिंदी सिनेमाच्या गाण्यांची मिरास. आणि 'नैराश्य' तर अजिबात नको, तो आजाराचा शब्द झालाय.

मग 'उदास' लिहून मोकळं व्हावं का? थांबा. आधी हे दुःख चिनी भाषेत कुठे राहतं ते पाहू.

चिनीत दुःखाची एक छटा आहे 'छोउ'. या शब्दाची चित्रलिपीतली खूण पाहण्यासारखी आहे: वर 'शरद', खाली 'हृदय'. त्यातल्या 'शरद'चेही दोन भाग, एका बाजूला धान्य आणि दुसऱ्या बाजूला अग्नी. भाषाशास्त्राच्या काटेकोर हिशेबाने वरचा भाग प्रामुख्याने उच्चार सुचवण्यासाठी आहे. पण कवींना कुठला हिशेब! तेराव्या शतकातल्या वू वन-यिंगने त्यावर चक्क कोडं घातलं: 'छोउ' कशाकशाचं बनतं? ताटातूट झालेल्या माणसाच्या हृदयावर शरद ठेवला की बनतं. तेव्हापासून शाळकरी पोरालाही ही फोड पाठ.

आता आपल्याकडचा शरद घ्या. शरद म्हणजे निवळलेलं पाणी, टिपूर चांदणं, कोजागिरीचं आटीव दूध. शंभर वर्षं जगण्याचा आशीर्वादसुद्धा आपण 'शरदः शतम्' असा शरदात मोजतो. चिनी लोकांचीही एक कोजागिरी असते, शरदाच्या मध्यावरची पौर्णिमा. पण त्यांच्या कवितेत त्या चंद्राकडे बघायचं ते लांब असलेल्या माणसाच्या आठवणीने. पानगळ आपल्याकडे शिशिराच्या वाट्याला आलीय. म्हणून चिनी गाण्यातला 'शरद' मराठीत जसाच्या तसा उतरवला, की वाचकाला मसाला दूध आठवणार.

पू शूच्याच एका जुन्या अल्बमच्या नावात हा पेच आहे. त्याचा पहिला अल्बम 1999 चा, दुसरा 2003 चा. दुसऱ्याचं नाव 'शंग रू श्या ह्वा', म्हणजे 'जगणं ग्रीष्मातल्या फुलांसारखं'. हे शब्द मूळचे रवींद्रनाथांचे. 1916 च्या इंग्रजी 'स्ट्रे बर्ड्स'मधल्या त्या ओळीत जगणं ग्रीष्माच्या फुलांसारखं आणि मरण शरदाच्या पानांसारखं सुंदर असावं, असं आहे. इंग्रजीत 'सुंदर' एकदाच येतं. चंग चन-त्वोने 1922 मध्ये चिनी अनुवाद करताना त्याचे दोन केले: फुलांना 'झळाळतं' आणि पानांना 'शांत सुंदर'. चीनमध्ये ही ओळ आज सुभाषितासारखी चालते. आपल्याकडे ग्रीष्मातलं फूल म्हणजे रस्ताभर सांडलेला गुलमोहर, नाहीतर बहावा. ते अर्धं वाक्य मराठीत आपसूक बसतं. अडतं ते पानांपाशी.

आता 'मृग नक्षत्र'. तिसरा अल्बम तब्बल 14 वर्षांनी, 2017 मध्ये आला. त्याचं नाव 'लिएहू शिंगज्वो', शिकाऱ्याचा तारकासमूह, म्हणजेच ओरायन. खगोलाच्या पुस्तकाप्रमाणे ओरायन म्हणजे आपलं मृग, तेव्हा तुमचं भाषांतर चूक नाही. पण मराठी कान काय ऐकतो? 7 जूनच्या आसपासचा पहिला पाऊस, पेरणी, मखमली लाल मृगाचे किडे. उदास अल्बमवर ही पाटी लावली तर शेतकरी आधी ढगांकडे बघेल. शिवाय त्यांचा तो शिकारी, आणि आपल्याकडे तेच तारे हरीण. शिकारी व्याध त्याच्या मागे वेगळाच उभा, आणि पट्ट्यातले तीन तारे हा त्याने मारलेला बाण. भूमिका पार उलटतात.

'शिकाऱ्याचा तारकासमूह' हे नाव चिनीतही पाश्चात्त्य ओरायनवरूनच आलंय. त्या ताऱ्यांचं त्यांचं जुनं नाव 'शन'. आपल्या ज्येष्ठेच्या जागी त्यांचं 'शांग'. एक उगवतं तेव्हा दुसरं मावळतं, दोघं आकाशात एकत्र दिसत नाहीत. आठव्या शतकातल्या दू फू या कवीने जुन्या मित्राच्या भेटीवर लिहिताना हीच उपमा दिली: माणसं भेटत नाहीत, शन आणि शांगसारखी फिरत राहतात. पू शूच्या मनात हे होतं की नाही, त्याचा दावा मी करत नाही. पण चिनी वाचकाला त्या ताऱ्यांत ताटातूट दिसू शकते आणि आपल्याला पेरणी. तेव्हा नाव 'ओरायन' असंच ठेवा, आणि एका वाक्यात हे सांगून टाका.

राहिला मूळ शब्द. या अल्बममध्ये 'फिंगफान ज्र लू' (साधासुधा रस्ता) हे गाणं आहे. ते आधी 2014 मध्ये लेखक-दिग्दर्शक हान हानच्या चित्रपटासाठी आलं होतं. त्यात तो म्हणतो, की मी डोंगर आणि समुद्र ओलांडले, आणि 'माणूस-डोंगर माणूस-समुद्र'ही पार केला. हे शेवटचं म्हणजे चिनीतला अगदी रोजचा वाक्प्रचार. आपण 'मुंगी शिरायला जागा नव्हती' म्हणतो तो. डोंगर-समुद्राच्या शेजारी ठेवल्यामुळे तो झिजलेला वाक्प्रचार एकदम खराखुरा डोंगर होतो. आवाज मात्र कुठे चढत नाही, हुंदका नाही. गर्दीतून चालून आलेल्या माणसाने बाकावर बसून सांगावं, तसं.

याला मराठीत 'हुरहुर' म्हणतात. आपल्याकडे अशा जोडध्वनींचं कुटुंबच आहे आणि त्यातलं प्रत्येकजण वेगळं. रुखरुख लागते तिला कारण असतं: 'भावाच्या लग्नाला जाता आलं नाही याची रुखरुख.' हळहळ गेलेल्या गोष्टीची, बहुधा दुसऱ्याच्याही. तळमळीत अंथरुणावर कूस बदलणं आहे. हुरहुरीला मात्र 'कशाची?' असं विचारलं तर उत्तर धड देता येत नाही. गणपती विसर्जन करून घरी यावं, रिकाम्या मखरात दिव्यांची माळ अजून लुकलुकत असावी, तेव्हा होतं ते. गंमत म्हणजे चिनीतही याच्या जवळचा शब्द असाच नादाचा आहे, 'छोउछांग'. दोन्ही अक्षरं एकाच व्यंजनाने सुरू होतात आणि दोन्हींच्या डाव्या अंगाला हृदयाची खूण.

व्याकरणाची अडचण एवढीच, की 'हुरहुर' नाम आहे, 'हुरहुर अल्बम' म्हणता येणार नाही. 'हुरहुर लावणारी गाणी' म्हणा. अल्बमला एकच विशेषण हवं असेल तर 'उदास', तुकोबांचा अर्थ थोडा शिल्लक ठेवून. आणि जाता जाता, लेखात 'फोक-रॉक' आलंच तर त्यातल्या फोकचं 'लोकगीत' करू नका. गिटार घेऊन स्वतःची गाणी स्वतः गाणाऱ्यांच्या या परंपरेला तिकडे 'मिनयाव' म्हणतात. ओव्या-भारुडांशी तिचं नातं नाही.

पू शूने 'सोंगब्ये' (निरोप) हे जुनं गाणंही गायलंय, तेही ऐका. चाल एका अमेरिकन गाण्याची. ती जपानमध्ये गेली, तिथे गाण्याचं नाव 'प्रवासातलं छोउ' असं झालं (तीच शरद-हृदयाची खूण), आणि मग ली शू-थोंगने 1915 च्या सुमारास त्यावर चिनी शब्द लिहिले. त्यानंतर 1918 मध्ये हा माणूस घरदार सोडून बौद्ध भिक्षू झाला; तुकोबांच्या अर्थाने उदास. 1942 मध्ये जाण्यापूर्वी त्याने कागदावर शेवटची चार अक्षरं लिहिली: दुःख, आनंद, दोन्हींची गाठ पडली. ती चार अक्षरं मला मराठीत अजून बसवता आलेली नाहीत. 'हसू आणि आसू' करून पाहिलं, पण यमक फारच गुटगुटीत होतं.