दाताची ‘नस’ वाचते का?

खालची दाढ थंड पाणी लागलं की कळ मारते. डॉक्टर म्हणाले, कीड खोल आहे, पण नस वाचवून बघू. शेवटी रूट कॅनालच करायचं असेल तर दोनदा खर्च कशाला? (वाचक, सांगली)

आपण जिला नस म्हणतो ती एक नस नाहीच. दाताच्या पोकळीत पल्प नावाचा मऊ, जिवंत गर असतो. त्यात रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात आणि कडेला ओळीने उभ्या असतात डेंटिन घडवणाऱ्या पेशी. इनॅमलच्या आतलं हे डेंटिन सच्छिद्र असतं. पल्पजवळ त्याच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात. किडीतलं आम्ल आणि जंतूंची विषं या नळ्यांतून झिरपतात. त्यामुळे जंतू पोचण्याआधीच पल्प सुजू लागतो. बिचारा गप्प बसत नाही, आतून नवं डेंटिन चढवून मागे सरकत जातो. कीड वेळेत बंद झाली तर तो सावरतो.

तुमचा पल्प कुठवर आला आहे, हे कळायला सेकंद मोजा. गार पाण्याची चूळ थुंकल्यावर कळ चार-पाच सेकंदांत विरली, तर आशा चांगली. अर्धा मिनिट रेंगाळली, काही न लागता ठणका सुरू झाला, रात्री आडवं पडलं की वाढला, चहाने उसळला, तर दाह खोल गेलेला असतो. गरमाने उसळणारा ठणका गार पाण्याने थांबत असेल, तर अजिबात उशीर करू नका. आणि ठणकणारी दाढ एकाएकी शांत झाली म्हणून खूश होऊ नका, बहुतेक वेळा पल्प मेलेला असतो. गळू नंतर येतं.

नस वाचवताना डॉक्टर कडेची कीड पूर्ण, कठीण डेंटिन लागेपर्यंत काढतात. पल्पच्या अगदी वर मात्र चामड्यासारखा थर मुद्दाम ठेवतात, कारण तो खरवडला तर पल्प उघडा पडतो. कडा घट्ट बंद झाल्या की आतल्या जंतूंची रसद तुटते. सगळी मदार या बंदपणावर असते, कडेने फिलिंग गळलं की मेहनत वाया. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढा पल्पपर्यंत कोरून उघड्या ठेवल्या. अन्न अडकत राहिलं तरी पल्प जगले, वर डेंटिनचा पूल बांधला. साध्या उंदरांचे पल्प सडले. फरक फक्त जंतूंचा. तेव्हा दाढ स्वतःहून ठणकत नसेल तर पल्प वाचवण्यावर केलेला खर्च आम्ही तरी वाया मानणार नाही.

दाढ ठणकली म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक घेतलं. तीन दिवसांनी पुन्हा तेच. डोस कमी पडला का? (वाचक, परभणी)

नाही, औषधच चुकलं. नुसत्या सुजलेल्या पल्पच्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. सूज कठीण भिंतींत कोंडलेली असते, तिच्यावर दाताचं कामच हवं. तोवर आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल चालतं (अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारून). हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, तिथे भाजतं. चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आठ वर्षांचा मुलगा पडला, पुढचा दात अर्धा तुटला, मध्ये लाल ठिपका दिसतो. दात गेला का? (वाचक, कणकवली)

गेला नाही, पण त्याच दिवशी दाखवा. तुकडा सापडला तर पाण्यात घालून न्या, कधी कधी तोच परत चिकटवता येतो.

लाल ठिपका म्हणजे उघडा पडलेला पल्प. या वयात पुढच्या दाताचं मूळ अर्धवट असतं, भिंती पातळ आणि टोक उघडं. पल्प मेला तर मूळ तसंच राहतं आणि पुढे एखाद्या धक्क्याने मोडतं. म्हणून इथे पूर्ण रूट कॅनालची घाई करायची नसते. भूल देऊन, दाताला रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबरी पडदा) लावून, पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याच्या ‘बर’ने (यंत्राच्या कोरणाऱ्या टोकाने) वरचा साधारण २ मिलिमीटर पल्प काढतात. ताज्या जखमेत दाह बहुधा तेवढाच खोल असतो. मग ओला कापसाचा बोळा काही मिनिटं दाबतात. रक्त थांबलं तर खालचा पल्प निरोगी. वाहतच राहिलं तर दाह खाली उतरला आहे, आणखी थोडं काढावं लागतं. रक्ताच्या गाठीवरच औषध ठेवणं ही इथली नेहमीची चूक. वर कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट आणि घट्ट फिलिंग. पुढच्या दातात त्यातलं एमटीए नावाचं सिमेंट नको असं सांगा, त्याने दात करडा पडतो. त्याच जातीचं बायोडेंटिन बरं, ते १२ मिनिटांच्या आसपास घट्टही होतं.

तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी, मग ३ महिने, ६ महिने आणि वर्षाने. एक्स-रेत मूळ लांब आणि भिंती जाड होताना दिसल्या की पल्प जिवंत आहे.

दुधाच्या दातांतल्या स्टेम सेल बँकेत ठेवाव्यात का? (वाचक, पुणे)

आज तरी आम्ही सांगणार नाही. पडलेल्या दुधाच्या दातांच्या पल्पमध्ये स्टेम सेल (ज्यांपासून नव्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशी) असतात हे २००३ पासून ठाऊक आहे, आणि २०१८ मध्ये चीनमधल्या चाचणीत मुलांच्या स्वतःच्या दुधाच्या दातातल्या पेशी दुखावलेल्या पक्क्या दातात बसवून पल्प उगवल्याचं दिसलं. पण रोजच्या दवाखान्यात साठवलेल्या पेशी वापरून होणारा उपचार नाही.

दवाखान्यात मिळणारं ‘पुनरुज्जीवन’ निराळं. मूळ अर्धवट असलेल्या मेलेल्या दातात आधी १.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (मुळातल्या एका नळीला २० मिलिलिटर, ५ मिनिटं) सोडून जंतू मारतात. आत औषध भरून १ ते ४ आठवडे थांबतात. मग मुळाच्या टोकापलीकडे २ मिलिमीटर फाइल (सुईसारखं बारीक हत्यार) नेऊन मुद्दाम रक्त काढतात. त्याच्या गाठीत मुळाच्या टोकाकडच्या पेशी येऊन वाढतात. त्या दिवशीची भूल अ‍ॅड्रिनलिन नसलेली लागते, नाहीतर रक्तवाहिन्या आकसतात आणि दात कोरडाच राहतो. जे उगवतं ते बहुतेकदा हाडासारखं किंवा मुळावरच्या कठीण थरासारखं (सिमेंटम) असतं, असली पल्प क्वचितच.