आयसीयूतला जंतुसंसर्ग : नळी कधी बदलली ते विचारा

प्रश्न : पक्षाघातामुळे वडील अंधेरीच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत होते. नवव्या दिवशी रक्तात अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जंतू निघाला. बहुतेक अँटिबायोटिक्स लागू पडली नाहीत, ते गेले. बिल साडेअकरा लाख. डॉक्टर म्हणतात, जंतू त्यांच्या अंगातच होता. याला 1 वर्ष 9 महिने झाले. केस होईल का? – एक वाचक, दहिसर

उत्तर : ताई, आधी मुदतीचं बघा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रार 2 वर्षांत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. रुग्णालयाला दिलेला मोबदला, म्हणजे बिल, 50 लाखांच्या आत असल्याने तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईल. तुमच्यासाठी तो वांद्र्याचा, मुंबई उपनगरचा.

आता खरं सांगतो. संसर्ग झाला एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. रुग्ण दगावला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू निकालात स्पष्ट केलंय. हा जंतू चांगल्या आयसीयूतही शिरतो. रुग्णालयाचे वकील हेच म्हणतील आणि त्यात तथ्यही आहे.

तुमची बाजू आहे ती कागदांत. हे जंतू मानेतल्या सेंट्रल लाइनवर, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर, आणि लघवीच्या नळीवर चिकट थर करून बसतात, बायोफिल्म म्हणतात तो. त्या थराआड औषध नीट पोचत नाही. म्हणून संसर्ग नळीतून आल्याचा संशय असेल तर नुसती औषधं वाढवून भागत नाही, नळी काढण्याचा निर्णय वेळेत घ्यावा लागतो. तेव्हा नळी कधी घातली, तिची गरज रोज तपासली का, कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) कधी पाठवलं, रिपोर्ट कधी आला आणि नळी कधी काढली, या तारखा एकाखाली एक लिहून काढा. रिपोर्टनंतरही जुनीच नळी दोन-तीन दिवस राहिली आणि त्याचं कारण कुठेच लिहिलेलं नसेल, तर विचारण्यासारखं बरंच आहे.

‘अंगातच होता’ म्हणतात ना? मग दाखल करतानाचं कल्चर दाखवा म्हणावं. 48 तासांनंतर उद्भवलेला संसर्ग साधारणपणे रुग्णालयातलाच धरतात.

संपूर्ण केस पेपर लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार ते 72 तासांत द्यायला हवेत. संसर्ग नियंत्रण समितीच्या नोंदी ते सहज देणार नाहीत. त्या आयोगामार्फत मागवू. दरम्यान दुसऱ्या रुग्णालयातल्या आयसीयू तज्ज्ञाचं लेखी मत मिळवा, त्याशिवाय आयोगापुढे निभाव लागणं कठीण. पोलिसांत जाण्याचा विचार तूर्त नको, तिथे पुराव्याची पायरी फार वरची आहे.

कागद हाती आले की आधी नर्सिंग चार्ट वाचा. डेथ समरीत सगळं साजरंच लिहिलेलं असतं.