चार्जरची वायर तिरकी धरली तरच चालतो

प्रश्न : माझा लॅपटॉप दहा वर्षांचा आहे. धालो आणि फुगडीची गाणी गावातल्या बायकांकडून ऐकून मी त्यावर उतरवून ठेवली आहेत. गेल्या काही महिन्यांपासून चार्जरची पिन सैल झाली आहे. वायर डावीकडे वळवून तिच्यावर जाड पुस्तक ठेवले तरच चार्जिंगचा दिवा लागतो. दुकानात दाखवला तर न उघडताच ‘मदरबोर्ड गेला, नवाच घ्या’ म्हणाले. खरेच का?
— एक निवृत्त शिक्षिका, साखळी (गोवा)

उत्तर : ताई, वायर वळवल्यावर दिवा लागतो आणि लॅपटॉप चालतो, म्हणजे मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, जिवंत आहे. न उघडता तो गेला असे म्हणणे मला मुळीच पटत नाही. पण आज दोन गोष्टी करा. बॅटरीत जीव आहे तोवर सगळी गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि ते पुस्तक काढा.

पुस्तकाने जॅक, म्हणजे लॅपटॉपमधले पिन खोचायचे भोक, तिरका दाबला जातो आणि आतला धातू जेमतेम टेकतो. अशा चार्जरमधून साधारण १९ व्होल्टवर तीन अँपिअरपर्यंत करंट जातो. सैल जागी अर्धा ओहम जरी अडथळा आला, तरी तिथे साडेचार वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. प्लॅस्टिक मऊ पडते, स्पार्क उडतात, पिन काळी पडते, आणि शेकड्यांत होणारे काम हजारांत जाते. पिन हाताला गरम लागली किंवा जळका वास आला, तर चार्जर लावूच नका.

आता दोष कुठे आहे ते पाहू. पिन जॅकमध्ये घट्ट धरा आणि पिनेच्या मानेपाशी फक्त वायर वाकवा. दिवा लुकलुकला तर वायर आतून तुटली आहे. चार्जर बदलला की काम झाले. नव्या चार्जरचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनेचा आकार तोच हवा. वायर वाकवून काही होत नसेल, पण पिन हलवताच दिवा जात असेल, तर दोष बहुधा जॅकमध्ये. ओळखीच्या कुणाचा त्याच मापाचा चार्जर लावून खात्री करून घ्या.

डेल, एचपीच्या जुन्या जाड पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. वीज बाहेरच्या नळीतून जाते, आणि ती सुई चार्जर कोणता आहे हे लॅपटॉपला सांगते. ती वाकली की लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही. तुमच्याकडे तसे होत असेल तर आधी ती सुई बघा.

जॅक दोन प्रकारचे असतात. काहींत तो छोट्या वायरच्या टोकाला असतो आणि बोर्डावर नुसता खोचलेला असतो. तिथे सोल्डरचे (वितळवलेल्या धातूने जोडण्याचे) काम नाही, उघडून नवा बसवला की झाले. दुसऱ्या प्रकारात तो थेट बोर्डावर सोल्डर केलेला असतो. रोज पिन खुपसून, ओढून जॅकच्या पायांभोवतीच्या (बोर्डाच्या भोकांत बसणाऱ्या धातूच्या टोकांभोवतीच्या) सोल्डरला गोल तडा जातो. आमच्या धंद्यात याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. भिंगातून पाहिले की पायाभोवती बारीक काळी रेघ दिसते.

काम सोपे वाटते, पण घरी करू नका असेच मी म्हणेन. २००६ नंतरच्या बहुतेक बोर्डांवर शिसेविरहित सोल्डर असते. ते वितळायला साधारण २१७ अंश लागतात, शिसेवाल्याला १८३ च्या आसपास. शिवाय जॅकचा अर्थिंगचा पाय तांब्याच्या रुंद पट्ट्याला जोडलेला असतो, तो सगळी उष्णता खेचून घेतो. २५ वॅटच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने तो सुटत नाही, माणूस जोर लावतो, आणि बोर्डावरच्या भोकाभोवतीची तांब्याची कडी उचकटून येते. चांगला कारागीर आधी बॅटरी काढतो, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावतो, जुने सोल्डर पंपाने ओढून घेतो आणि मगच नवा जॅक बसवतो. जुन्याच जॅकला वरून सोल्डर मारून दिला, तर तो फार टिकत नाही. आतली पकड ढिली झाली असेल तर तिला सोल्डर काय करणार?

आपल्याकडचा पाऊसही ध्यानात घ्या. साखळी समुद्रापासून आत असली, तरी दमट हवा चार महिने सोडत नाही, आणि पिनांवर हिरवट थर चढतो. उघडलेलाच आहे तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्डाची ती बाजू पुसून द्यायला सांगा.

दुकानात जाताना ‘जॅक बदलून द्या, जुना मला परत हवा’ असे स्पष्ट सांगा. जुना जॅक हातात आला की आत जळका डाग आहे का, पकड ढिली आहे का, हे तुम्हालाच दिसेल. कारागीर म्हणाला की भोकाची कडीच उचकटली आहे, तर विचारा, बारीक वायर टाकून पुढच्या जागी जोडता येईल का. बहुतेक वेळा येते. तेही करून वीज आत गेली नाही, तर मग बोर्डाकडे बघायचे.