बाटलीवरचं नाव आणि आतला सुगंध

अनेक आशीर्वाद.

परफ्यूम बनवायचेत म्हणून फॅशन डिझाइनला प्रवेश घ्यायचं तू जवळजवळ ठरवलं आहेस, असं तुझ्या पत्रावरून दिसलं. फी भरण्याआधी माझं हे सगळं म्हणणं वाच. बाटल्यांवर शनेल, दिओर, आर्मानी अशी नावं असतात, त्यामुळे कपडे ज्यानं बेतले त्यानंच आतला सुगंधही मिसळला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तसं जवळपास कधीच होत नाही. सुगंधाचं सूत्र परफ्यूमर लिहितो आणि त्याचं शिक्षण पूर्णपणे वेगळं असतं.

कोको शनेलचंच उदाहरण घे. १९२१ साली आलेला ‘नंबर ५’ रचला तो मॉस्कोत जन्मलेल्या एर्नेस्त बो या परफ्यूमरनं. १ ते ५ आणि २० ते २४ असे क्रमांक घातलेले नमुने त्यानं तिच्यापुढे ठेवले आणि तिनं पाचवा उचलला. जाई-गुलाबाच्या महागड्या अर्कांना अल्डिहाइड या कृत्रिम रसायनांची भरघोस जोड देणं ही बोची कामगिरी. पण म्हणून शनेलचं श्रेय कमी होत नाही. एखाद्या फुलाची सरळ आठवण करून देणार नाही असा सुगंध तिला हवा होता आणि तो समोर आल्यावर तिनं ओळखला. क्रमांकच नाव म्हणून ठेवला आणि त्या काळच्या नक्षीदार बाटल्यांच्या गर्दीत साधी चौकोनी बाटली आणली. निवडीलाही छाती लागते. हिशेबाचं मात्र वेगळंच झालं. १९२४ मध्ये परफ्यूमसाठी स्वतंत्र कंपनी निघाली, तेव्हा वेर्थाइमर या उद्योजक बंधूंकडे ७० टक्के हिस्सा गेला आणि जिचं नाव बाटलीवर होतं तिच्याकडे १० टक्के.

मला स्वतःला थिएरी म्युगलर या फॅशन डिझायनरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. लहानपणच्या जत्रेतल्या मिठाईचा, साखरेचा वास त्याला परफ्यूममध्ये हवा होता. ऑलिव्हिए क्रेस्प या परफ्यूमरनं एथिल माल्टॉल या जळत्या साखरेसारख्या वासाच्या रसायनाला पचौली या सुगंधी वनस्पतीच्या अर्काची भरपूर जोड दिली आणि १९९२ मध्ये ‘एंजल’ आला. गोड खाऊच्या वासाच्या परफ्यूमची अख्खी लाट त्यातून उठली. सूत्र क्रेस्पचं, पण म्युगलरची ती आठवण आणि तिच्यामागचा हट्ट नसता तर क्रेस्प त्या वाटेला गेला असता का, याची मला शंका आहे. डिझायनरची खरी भूमिका ही अशी असते.

आता आजचा व्यवहार सांगतो. बहुतेक फॅशन घराणी परफ्यूमसाठी आपलं नाव लायसन्सवर देतात. इव्ह सँ लोराँ आणि आर्मानीचे परफ्यूम लॉरिआल ही कंपनी काढते, बर्बेरी आणि ह्यूगो बॉसचे कोटी नावाची कंपनी. परफ्यूम काढणारी अशी कंपनी ब्रीफ लिहिते, म्हणजे कोणासाठी, कसा, किती खर्चाचा सुगंध हवा ते. तो जिव्होदाँ, आयएफएफ, सिमराइझ अशा सुगंध-कंपन्यांकडे जातो. तिथले परफ्यूमर आपापसांत स्पर्धा करतात, इव्हॅल्युएटर, म्हणजे सुगंध पारखणारे, नमुने चाळतात, एकच सूत्र पुन्हा पुन्हा बदललं जातं, ग्राहकांवर चाचण्या होतात. हरणाऱ्याला बहुधा काहीच मिळत नाही. डिझायनर सुरुवातीला आणि शेवटी भेटतो, कधी फक्त संमती देतो. कधी तर तो हयातही नसतो. क्रिस्तियाँ दिओर १९५७ मध्ये गेला, ‘सोव्हाज’ हा परफ्यूम त्याच्या नावानं २०१५ मध्ये आला, आणि तो रचला फ्रांस्वा दमाशीनं.

शनेल आणि एर्मेस या फॅशन घराण्यांनी मात्र स्वतःचे पगारी परफ्यूमर ठेवले आहेत. शनेलकडे आधी झाक पोल्झ होते, आता त्यांचा मुलगा ऑलिव्हिए. एर्मेसकडे झाँ-क्लोद एलेना यांच्यानंतर क्रिस्तीन नाजेल. स्वतःच्या नावानं परफ्यूम काढणाऱ्या फ्रेदेरिक माल यांनी तर २००० सालापासून बाटलीवरच परफ्यूमरचं नाव छापलं. सगळ्यांनीच ते छापायला हवं असं माझं ठाम मत आहे. पुस्तकावर लेखकाचं नाव नसेल तर आपण चालवून घेऊ का?

तेव्हा आधी नीट ठरव. सूत्र लिहायचं असेल तर सेंद्रिय रसायनशास्त्र घे, मग फ्रान्समधल्या व्हर्सायची इसिप्का ही परफ्यूम शिकवणारी संस्था किंवा सुगंध-कंपन्यांच्या स्वतःच्या शाळा आहेत. जागा फार थोड्या असतात, हे धरून चाल. कपडे हाच तुझा जीव असेल तर फॅशनला जरूर जा, पण मग काय हवंय ते नेमकं सांगायला शीक. ‘फ्रेश’, ‘एलिगंट’ या शब्दांवरून परफ्यूमरला काहीही कळत नाही. इस्से मियाके या जपानी डिझायनरनं पाण्याचा सुगंध मागितला होता. मागणी अवघड होती, पण झाक काव्हालिए या परफ्यूमरला तिच्यावरून काम सुरू करता आलं.

सध्या एवढंच कर: फिनाइल एथिल अल्कोहोल, जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल यांचे थोडे थोडे सौम्य केलेले नमुने मिळव. तिन्ही गुलाबात असतात. कागदी पट्टीवर घेऊन हुंग, तासाभरानं पुन्हा हुंग, आणि ‘गुलाब’ हा शब्द न वापरता तिघांतला फरक लिहून काढ. तुझं लिखाण मला पाठव, मग प्रवेशाचं बोलू.